नवा संगणक घेताना : हार्ड डिस्क की एसएसडी?

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येची अध्यापिका संगणकावर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. माझा नेहमीचा विषय कोरडवाहू ज्वारी आणि जमिनीतील ओलावा टिकविणे हा. परंतु अलीकडे मेळाव्याला येणारे बागायतदार, दूध संस्थांचे सचिव आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक पिकाच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारतात. "मॅडम, नवा संगणक घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो एसएसडी घ्या, मुलगा म्हणतो त्याच पैशांत जास्त जागेची हार्ड डिस्क येते. काय घ्यावे?" या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः नुकसान सोसून शिकले आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

माझा अनुभव

मी एम.एस्सी.ला असताना रब्बी ज्वारीचा दोन हंगामांचा प्रयोग घेतला होता. पहिल्या वर्षी झाडांची उंची, जमिनीतील ओलावा, कणसांचे वजन ही सर्व निरीक्षणे मी शेतवहीत लिहिली. दुसऱ्या वर्षी वेळ वाचावा म्हणून ती सरळ लॅपटॉपवर भरली. एक दिवस तो लॅपटॉप चालू असतानाच टेबलावरून फरशीवर पडला. आतून कटकट असा आवाज येऊ लागला आणि हार्ड डिस्क बंद पडली. माहिती परत काढून देणाऱ्याने सांगितलेली रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या विद्यावेतनाहून अधिक होती आणि सर्व नोंदी मिळतील याची हमी नव्हती. नवी हार्ड डिस्क बसवून लॅपटॉप सुरू झाला, पण गेलेला हंगाम परत आला नाही. तो प्रयोग मला आणखी एक रब्बी हंगाम घ्यावा लागला आणि पदवी वर्षभर लांबली. पहिल्या वर्षाची शेतवही मात्र आजही माझ्या कपाटात आहे.

आपल्या नोंदींचेही असेच आहे. निर्यातीच्या द्राक्षबागेतील फवारणीच्या तारखा, गाईंच्या रेतनाच्या व वेताच्या नोंदी, सभासदांकडून घेतलेल्या मालाचा हिशेब या गोष्टी पुन्हा तयार करता येत नाहीत. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाची पुस्तके जपून ठेवावी लागतात. म्हणून साठवणीचे साधन विचारपूर्वक निवडावे.

दोन्हींच्या रचनेतील फरक

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर, एक हेड फिरते आणि माहिती लिहिते-वाचते. ही पद्धत जुनी व कसोटीला उतरलेली आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक संगणकात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोही जवळपास तेवढी जागा घेतो.

एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. तिच्यात फ्लॅश प्रकारच्या चिप असतात. चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडवून ठेवून माहिती साठविली जाते. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅशचा शोध लावला. आपल्या पेन ड्राइव्हमध्ये व मोबाईलमध्येही फ्लॅशच असते.

वेग व टिकाऊपणा

संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फाइली वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कच्या हेडला प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते आणि तबकडी फिरून खाली येण्याची वाट पाहावी लागते. यात दर वेळी सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीला याच कामास त्याच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. त्यामुळे संगणक सुरू होणे, हिशेबाचा प्रोग्रॅम उघडणे, जुने बिल शोधणे ही कामे एसएसडीवर झटपट होतात. कार्यालयात सभासद रांगेत उभे असताना हा फरक लगेच जाणवतो.

चालू हार्ड डिस्कला धक्का बसला तर हेड तबकडीवर आदळू शकते. माझ्या लॅपटॉपमध्ये हेच घडले होते. एसएसडीला असा धोका नाही. शेतावर, जीपमध्ये किंवा मोटारसायकलवर न्यायच्या लॅपटॉपसाठी एसएसडीच योग्य होय.

एसएसडीवर ठरावीक प्रमाणातच लिहिता येते, ही शंका काहीजण काढतात. ती खरी आहे, पण प्रमाण पाहावे. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींना ३०० टीबी लिखाणाची मर्यादा दिलेली असते. रोज २० जीबी लिहिले तरी ही मर्यादा गाठण्यास ४१ वर्षे लागतील. साधारण कार्यालयात एवढे लिखाण होतही नाही.

परंतु एसएसडीच्याही उणिवा आहेत. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी बरेचदा आवाज करते किंवा मंदावते. एसएसडी मात्र पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडू शकते. तिच्यावरून चुकून पुसलेली फाइल परत मिळणेही बहुधा अवघड असते. शिवाय वीज न देता ती दीर्घकाळ ठेवल्यास कप्प्यांतील भार हळूहळू कमी होतो आणि उष्णतेने ही क्रिया वाढते. म्हणून जुन्या नोंदी भरलेली एसएसडी पत्र्याच्या खोलीत चार उन्हाळे पडू देऊ नये.

क्षमता किती घ्यावी?

हिशेबाच्या व नोंदींच्या फाइली फार थोडी जागा घेतात. जागा खातात ते फोटो व चित्रफिती. मोबाईलचे १,००० फोटो सुमारे ४ जीबी होतात. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी साठवण लागते. हे पाहता केवळ लिखापढी व हिशेब असेल तर २५६ जीबीची एसएसडी भागते. फोटो व चित्रफिती नियमित ठेवायच्या असतील तर ५१२ जीबीची घ्यावी. साधारण १० ते २० टक्के जागा मोकळी राहील असे पाहावे, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते.

हार्ड डिस्क कोठे उपयोगी?

तेवढ्याच जागेसाठी हार्ड डिस्क स्वस्त पडते. म्हणून जेथे जागा पुष्कळ लागते व घाई नसते तेथे ती फायदेशीर ठरते. गोदामातील किंवा कुक्कुटपालन शेडमधील कॅमेऱ्यांचे उदाहरण घ्या. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या दराने चित्रण करीत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे चित्रण सुमारे २.६ टीबी होते. येथे अशा चित्रणासाठीच बनविलेली हार्ड डिस्क घ्यावी. दुसरा उपयोग म्हणजे नोंदींची प्रत ठेवणे. त्याबद्दल पुढे सांगते.

खरेदी करताना घ्यावयाची काळजी

१. 'एसएसडी आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. क्षमता, हमीची वर्षे व लिखाणाची मर्यादा विचारून घ्यावी.

२. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० एमबीपर्यंत वाचते, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. हिशेबाच्या कामात दोघींतील फरक फारसा जाणवत नाही. नव्या संगणकात एनव्हीएमई मिळाली तर घ्यावी, पण तिच्यासाठी फार जादा पैसे मोजू नयेत.

३. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. हा मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे, फसवणूक नव्हे.

४. अगदी थोड्या पैशांत अनेक टीबी देणारे पेन ड्राइव्ह व बाह्य एसएसडी बनावट असतात. नव्या फाइली जुन्या फाइलींवर चढतात आणि नोंदी नष्ट होतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

५. पक्के बिल घ्यावे. टेबलावरील संगणकासोबत यूपीएस अवश्य घ्यावा. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास दोन्ही प्रकारांत फाइली खराब होऊ शकतात.

प्रत ठेवणे सर्वांत महत्त्वाचे

आता मुख्य गोष्ट. माझ्या लॅपटॉपमध्ये त्या दिवशी एसएसडी असती तर कदाचित नोंदी वाचल्या असत्या. पण तो लॅपटॉप चोरीला गेला असता, किंवा त्यावर पाणी सांडले असते, तर? खरी चूक हार्ड डिस्क वापरण्याची नव्हती. सर्व निरीक्षणे एकाच ठिकाणी ठेवली, ही चूक होती. आपण घरचे बियाणे एकाच मडक्यात ठेवत नाही, मग बारा महिन्यांच्या कष्टाच्या नोंदी एकाच डिस्कवर का ठेवाव्यात?

म्हणून संगणकात एसएसडी आणि प्रतीसाठी १ टीबीची बाह्य हार्ड डिस्क, अशी जोडी करावी. आठवडी बाजाराचा दिवस लक्षात राहतो, त्या दिवशी नियमाने प्रत काढावी. काम झाले की डिस्क सुटी करून ठेवावी, म्हणजे संगणकात विषाणू शिरला तरी ती सुरक्षित राहील. महत्त्वाच्या फाइलींची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी. पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासतो, तशी दर तीन महिन्यांनी या प्रतीतील दहा-बारा फाइली उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.

थोडक्यात, रोजच्या कामाला एसएसडी घ्यावी, भरपूर साठवणीला व प्रतीला हार्ड डिस्क घ्यावी आणि विश्वास दोन्हींपैकी एकीवरही पूर्ण ठेवू नये. अंदाजपत्रक तोकडे असेल तर संगणकातील एसएसडी लहान घ्यावी, पण प्रतीची डिस्क वगळू नये. आणि शेतवही बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती.