नवजात मूषक आणि विषाणू



बालकवींच्या जन्मगावी, धरणगावी, अध्यक्षपदाचा मान मिळाल्यावर काव्याविषयी बोलावे असा मोह कोणासही व्हावा. परंतु ज्या चांदीपुरा विषाणूचा शोध पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने 1965 साली नागपुरातील रुग्णांच्या रक्तात लावला, त्याच्याशी निगडित मेंदूज्वराने 2003 साली आंध्र प्रदेशात 329 मुलांना ग्रासले व 183 मुले हिरावून नेली, आणि 2024 साली तोच विषाणू आपल्या सरहद्दीपलीकडे गुजरातेत पुन्हा प्रकटला, हे ध्यानी घेता आजचा वेळ मी प्रयोगशाळेतील उंदरासाठी मागून घेतो.

हा विषाणू नवजात उंदराला त्वचेखालून टोचला तरी तो दगावतो; पूर्ण वाढ झालेला उंदीर मात्र, विषाणू थेट मेंदूत सोडल्यावाचून, सहसा त्याला बळी पडत नाही. विषाणू तोच, प्राणी तोच. अंतर केवळ वयाचे.

वयाचे हे माहात्म्य संशोधक ट्राउब यांनी 1930 नंतरच्या दशकातच दाखविले होते. मेंदूच्या आवरणांना दाह आणणाऱ्या एका विषाणूची बाधा ज्या उंदरांना मातेच्या उदरातच झाली, ते तो विषाणू जन्मभर रक्तात वागवीत आणि तरीही हिंडतफिरत राहत. कारण पुढे उमगले: छातीतील थायमस ग्रंथीत टी-पेशी घडत असताना स्वकीयांवर उठणाऱ्या पेशींचा तेथेच निकाल लावला जातो, आणि त्या वेळी विषाणू तेथे हजर असला तर त्याचीही गणना स्वकीयांत होते. ज्याचे बालपण चोराच्या मांडीवर गेले, त्या पहारेकऱ्याने त्याला चोर म्हणून ओळखावे तरी कसे?

या ग्रंथीचे कार्य उघड झाले तेही विषाणूच्याच निमित्ताने, ही हकिकत मला फार मोलाची वाटते. लंडनमध्ये मिलर हे संशोधक उंदरांत रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी जन्मतःच काही पिलांची थायमस काढून टाकली, तेव्हा ती पिले खंगत गेली, त्यांच्या रक्तातील लसीकापेशी घटल्या, आणि परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर बसविली असता ती त्यांनी निमूटपणे स्वीकारली. 1961 पर्यंत ज्या अवयवाची वैद्यकाच्या दप्तरी निरुपयोगी म्हणून नोंद होती, तो प्रतिकारशक्तीचा मूळ कारखाना ठरला.

प्रौढ उंदरातही संसर्गकाळी अस्थिमज्जेचा नित्याचा बंदोबस्त पालटतो: इंटरफेरॉनच्या इशाऱ्याने सुप्त मूलपेशी जाग्या होतात, तातडीच्या संरक्षक पेशींची पैदास वाढते आणि बी-पेशींची निर्मिती काही काळ मागे पडते. परंतु प्रौढाची घडी बहुधा पुन्हा बसते. अर्भकाची मुळात बसलेलीच नसते.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे मी जाणतो, आणि उंदराचा निष्कर्ष बालकाला जसाच्या तसा लावणे मला मान्य नाही. तथापि चांदीपुऱ्याचे बळी बहुतांशी पंधरा वर्षांखालचेच का, या प्रश्नाचा धागा त्या पिंजऱ्यातून निघतो, यात मला संदेह नाही. म्हणून खानदेशातील डॉक्टरांस माझी आग्रहाची विनंती आहे की, मातीच्या भिंतींच्या भेगांतून या विषाणूची वाहक वाळूमाशी वावरणाऱ्या वस्तीतून, ताप आणि झटके घेऊन एखादे मूल पावसाळ्यात दवाखान्यात आले, तर त्याचा नमुना विनाविलंब पुण्यास रवाना करावा, आणि केसपेपरावर त्याचे वय अदमासाने ‘दोन वर्षे’ असे न लिहिता आईला विचारून महिन्यांत लिहावे.