आईचा गुडघा, भांगेचं तेल आणि आयएनआर ५.८

 

आजचा विषय तुम्ही इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना नक्की पाहिलाय. कॅनाबिस ऑइल. साध्या भाषेत, भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल. गुडघेदुखीवर, पाठदुखीवर, झोपेवर, सगळ्यावर चालतं म्हणे. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक आहे, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहिते. पण हे तेल मी स्वतः मागवलं होतं. आईसाठी.

आईला लहानपणी रुमॅटिक फीव्हर झाला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. पुढे ऑपरेशन करून कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज, आणि दर महिन्याला आयएनआरची टेस्ट. हा आकडा तिच्या बाबतीत अडीच ते साडेतीनच्या मध्येच हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी होऊ शकते, फार वर गेला तर रक्तस्राव. त्यात गुडघे झिजलेले. आणि वॉरफरिन चालू असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणजे पॅरासिटामॉल घ्या आणि सहन करा. जिना उतरताना तिचा चेहरा बघवायचा नाही. म्हणून मी शोधायला लागले.

कायद्याचं आधी तपासलं. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांच्या अर्काचं औषध आयुर्वेदिक परवान्यावर बनतं आणि 'विजया' या नावाने विकलं जातं. मात्र औषधांच्या नियमांमध्ये भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या असा इशारा लेबलवर लागतो. मी तो वाचला. आपण टर्म्स अँड कंडिशन्स वाचतो ना, तसा.

ऑर्डर करताना एका डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला. चार मिनिटं. कुठे दुखतं, झोप लागते का, बस. दुसरी कोणती औषधं चालू आहेत हे त्यांनी विचारलंच नाही. पण खरं सांगू? मीही सांगितलं नाही. पानांचा अर्क आहे, त्याने काय होणार, असं डोक्यात होतं.

पहिले पंधरा दिवस आई खूश. झोप छान लागायची. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर मोठा निळा डाग, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. टेस्ट केली, आयएनआर ५.८. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, नवीन काय सुरू केलंत?" आई माझ्याकडे बघायला लागली.

झालं काय होतं ते नंतर डॉक्टरांनी समजावलं. वॉरफरिन शरीरातून काढायचं काम यकृतातली काही एन्झाइम्स करतात. भांगेतले सीबीडी आणि टीएचसी हे घटक त्याच एन्झाइम्सचं काम मंदावू शकतात. गोळी तेवढीच, पण ती रक्तात साचत जाते. माझ्या भाषेत डिपेंडन्सी कॉन्फ्लिक्ट. हे मी रोज ऑफिसमध्ये तपासते आणि घरी तपासलं नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे हे सगळं थोतांडच. तसंही नाही. १८३०च्या दशकात विल्यम ओशॉनसी या डॉक्टरने कोलकात्यात भांगेवर प्रयोग करून लिहून ठेवलं होतं. आणि ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या अवघड एपिलेप्सीवर शुद्ध सीबीडीची नीट चाचणी झाली, २०१७ मध्ये छापून आली. औषध घेणाऱ्या मुलांचे महिन्याचे झटके मध्यकाच्या हिशोबाने १२.४ वरून ५.९ वर आले. प्लासिबोवाल्यांचे १४.९ वरून १४.१. त्या घरांसाठी हा फरक केवढा असेल! २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते औषध मंजूर केलं. पण तिथे डोस होता किलोमागे रोज २० मिलिग्रॅम, आणि काही मुलांच्या यकृताचे आकडे वाढले तेही मोजलेलं होतं. माझ्या बाटलीवर एकूण अर्क किती ते छापलं होतं. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, पत्ता नाही. आणि जुनाट दुखण्याबद्दल म्हणाल तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्येच सांगितलंय की सीबीडी त्यासाठी द्यायचं तर फक्त चाचणीत द्या.

तुमच्या घरी कोणी हे तेल घेत असेल, आणि सोबत रक्त पातळ करणारी किंवा फिट्सची गोळी असेल, तर आजच फोन करून त्यांच्या डॉक्टरांना सांगा. ओरडतील. मला ओरडले.

तेल बंद केलं, डॉक्टरांनी सांगितलं तशी वॉरफरिन दोन दिवस थांबवली, मग आकडा हळूहळू खाली आला. परवा २.९ होता. आई आता फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व्यायाम करते, कुरकुरत. काल रात्री म्हणाली, "झोप मात्र मस्त लागायची गं त्या तेलाने."

चला, भेटू पुढच्या भागात.