शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानासाठी वैद्यकीय विषय घ्यावा, असे आपल्या चिटणिसांनी सुचविले, तेव्हा आहारविहाराच्या चार सूचना देऊन मोकळे होणे सोपे होते. मी निवडलेला विषय ऐकून मात्र काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. शल्यविशारद आणि शास्त्रज्ञ यांनी वर्षानुवर्षे मिळून संशोधन कसे करावे, असा तो विषय आहे. भिलाईकरांना तो परका वाटण्याचे कारण नाही. येथील स्टील मेल्टिंग शॉपमध्ये ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांना ठाऊक आहे की, भट्टीवरच्या अनुभवी माणसाच्या डोळ्याला हीट तयार झाली असे कितीही वाटले, तरी नमुना प्रयोगशाळेत जातो. कार्बन, मँगनीज, गंधक, स्फुरद यांचे आकडे येतात, आणि मगच पोलाद ओतले जाते. शस्त्रक्रियागृहातही असेच घडते. भूल दिलेला रुग्ण टेबलावर असतो. गाठीचा लहानसा तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप करून विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आणि त्याचा निरोप येईपर्यंत शल्यविशारद थांबून राहतो.

ही झाली रोजची देवघेव. तिच्यातून टिकाऊ संशोधन कसे उभे राहते, हे पाहावयाचे तर मुंबईस परळला जावे लागेल. 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. 1944 साली त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या 1000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हे रुग्ण वेचून घेतलेले नव्हते, ओळीने आलेले होते, आणि त्यातच त्या अभ्यासाचे मोल आहे. तंबाखू चघळण्याची सवय आणि हा रोग यांचा संबंध त्यातून पुढे आला. 1955 मध्ये डॉ. ल. द. संघवी आणि सहकाऱ्यांसह त्यांनी तो आकडेवारीने अधिक पक्का केला. अशा अभ्यासासाठी रुग्ण तंबाखू कोणत्या गालात धरतो, हे कोणीतरी विचारून टिपून ठेवावे लागते. मग ती टिपण, शस्त्रक्रियेची नोंद आणि प्रयोगशाळेतील काचपट्टी या तिन्हींवर एकच क्रमांक असावा लागतो. हे काम नीरस आहे, त्याबद्दल कोणी हारतुरे देत नाही. पण तेवढे झाले नाही तर पुढचे सारे वायाच.

1952 साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली रुग्णालयाच्या निकट सान्निध्यात भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे पुण्याच्या कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढवावयाच्या, म्हणजे काढलेली गाठ ताजी असतानाच हाती यावयास हवी. शल्यविशारदाने ती आधी फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकली की संपले! त्यासाठी हुकूम काढून भागत नाही. शास्त्रज्ञाला ती कशाला हवी आहे, हे शल्यविशारदाला आधी समजलेले असावे लागते.

1962 मध्ये या दोन्ही संस्था अणुऊर्जा विभागाकडे आल्या आणि 1966 मध्ये टाटा मेमोरियल सेंटर या नावाने एकत्र झाल्या. कारभाराची ही बाब व्याख्यानात रुक्ष वाटेल, परंतु माझ्या मते तिचे महत्त्व मोठे आहे. तेथील थोर शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस 1969 मध्ये गेले, खानोलकर 1978 मध्ये गेले. काम मात्र चालू राहिले. केवळ दोघांच्या स्नेहावर ते उभे असते, तर तेथेच थांबले असते.

त्याचे अलीकडचे फळ सांगतो. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना गाठीभोवती लिडोकेन हे साधे, स्वस्त बधिरीकरणाचे औषध टोचले तर काय होईल, हा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पेशीच्या आवरणातील सोडियमच्या वाटा हे औषध अडविते, आणि कर्कपेशींच्या पसरण्यात त्या वाटांचा हात असावा, हा विचार प्रयोगशाळेतला. देशातील 11 केंद्रांत 1600 स्त्रियांवर परीक्षण झाले आणि 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात 86.4 टक्के, तर दिलेल्या गटात 90.1 टक्के होते. पोटात तुटेल अशा किमतीचे हे औषध नाही. ते गावोगावच्या इस्पितळांत असतेच.

बहुतेक ठिकाणी असे सहकार्य का मोडते, हेही बोलले पाहिजे. शल्यविशारद शास्त्रज्ञाला अहवाल पुरविणारा कारकून समजतो; शास्त्रज्ञ शल्यविशारदाला नमुने आणणारा हमाल समजतो. निबंधावर कोणाचे नाव आधी, यावरून दोघांत अबोला धरला जातो. बरण्यांची कपाटे भरलेली, पण रुग्ण पुढे जगला की नाही याची नोंद नाही, अशी इस्पितळे मी पाहिली आहेत.

आता आपल्या गावाविषयी. सेक्टर 9 च्या आपल्या रुग्णालयाच्या नावात ‘अनुसंधान केंद्र’ हे शब्द आहेतच. रायपूरला 2012 पासून एम्स आहे, आणि 2016 मध्ये स्थापन झालेली आयआयटी आता कुटेलाभाटा येथे स्वतःच्या आवारात आहे. प्रश्नही हाताशी आहे. आपल्याकडच्या बायका मशेरी लावीत, तसा येथे गुडाखू दातांना घासतात. त्यात तंबाखू आणि गूळ असतो. त्याने तोंडातील त्वचेत काय बदल होतात, कोणाचा पांढरा चट्टा पुढे कर्करोगाकडे जातो आणि कोणाचा तसाच राहतो, हे शोधण्यास छत्तीसगडइतकी योग्य जागा दुसरी कोणती? मोठ्या यंत्रापासून सुरुवात नको. एक शल्यविशारद, एक विकृतिशास्त्रज्ञ, आयआयटीतील एखादा रसायनशास्त्रज्ञ, दर आठवड्याची एक ठरलेली बैठक आणि एक सामाईक नोंदवही एवढे पुरे. रुग्ण शोधणे, त्यांना विश्वासात घेऊन त्यांची संमती मिळविणे आणि वर्षानुवर्षे त्यांची विचारपूस करणे, हे काम मात्र डॉक्टरांना एकट्याने झेपणारे नाही. आपल्या मंडळात निवृत्त परिचारिका आहेत, प्लांटच्या प्रयोगशाळांत उमेदीची वर्षे घालविलेली मंडळी आहेत, नोंदी नीट ठेवण्याची सवय जडलेले लेखापाल आहेत. ज्यांना यात काम करावेसे वाटेल, त्यांनी सभेनंतर चिटणिसांकडे नाव द्यावे. माझे मी आत्ताच दिले आहे.