मजल वाढली ती अशी



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. गेल्या वर्षी मुलाची सायकल घेऊन हौसेने नवघरहून घोडबंदर किल्ल्याकडे निघाले. जड गिअर, रिकामे पोट! काशीमिऱ्यालाच गुडघा धरला. सायकल टेम्पोत घालून घरी आणावी लागली. "पुरे झाले आता," असे हे म्हणाले. मला रडू आले.

मग रीतीने सुरुवात केली. पायडल खाली गेले तरी गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट उंच केली. गिअर हलका, चालवताना बोलता येईल एवढाच वेग. आठवड्यात तीन दिवस ५ किलोमीटर आणि दर आठवड्याला एकच किलोमीटर जास्त. मध्ये विश्रांती, कारण पाय बळावतात ते विश्रांतीतच. तहानेपूर्वी दोन घोट पाणी. चार महिन्यांनी किल्ला पाहून सायकलवरच परतले. ह्यांनी स्वतः चहा केला!

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तीही रोजच्या मजलेनेच पुरी झाली. भगिनींनो, आपली मजल नाक्यापर्यंतची असो; पण उद्या निघाच.