ईर्यासमिती घरातही : रक्तदाब व मधुमेह असलेल्यांनी तोल कसा सांभाळावा



मुनिराज चार हात भूमी पाहूनच पाऊल टाकतात. जीवरक्षणासाठी सांगितलेली ही ईर्यासमिती. उच्च रक्तदाब व मधुमेह असलेल्या श्रावक-श्राविकांनी हीच सावधता स्वतःच्या देहासाठीही बाळगणे अगत्याचे आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांना नित्याचे देवदर्शनही अंतरते.

पडणे हा केवळ वयाचा दोष नव्हे. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांच्या नसा क्षीण होतात. फरशी ओली की कोरडी, हेही तळव्यांना उमगत नाही. दृष्टीही मंदावते. काहींचा रक्तदाब उभे राहताच झपाट्याने उतरतो. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घटला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. म्हणून दाब बसून तसाच उभ्यानेही मोजून घ्यावा.

सामायिकानंतर एकदम उठू नये. प्रथम पाय हलवावेत, क्षणभर थांबावे, मग आधार धरून उभे राहावे. रात्री उठताना दिवा लावावा. अभिषेकानंतरच्या ओल्या फरशीवर विशेष जपावे.

दशलक्षण पर्वात उपवास करताना इन्सुलिन वा मधुमेहाच्या काही गोळ्या नेहमीच्याच मात्रेत घेतल्या, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. पाणीही वर्ज्य केल्यास दाब उतरतो. औषध मनाने बंद करणेही तितकेच घातक. पर्वापूर्वीच डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी. षोडशकारण भावनांत 'शक्तितस्तप' सांगितले आहे. शक्तीबाहेरचे तप तेथे अभिप्रेत नाही. घाम, थरथर, चक्कर जाणवल्यास तेथेच बसावे, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. त्या वेळी व्रतभंगाचा संकोच धरू नये. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

मंदिराच्या पायऱ्यांना कठडा, पुरेसा प्रकाश, कोरडी वाट आणि बसण्यास खुर्ची, एवढी सोय प्रत्येक विश्वस्त मंडळाला करता येईल. घरातील तरुणांनी एक प्रश्न वारंवार विचारावा : "आजी, उठताना चक्कर येते का?" कारण मुलांना काळजी नको म्हणून वडीलधारी माणसे पहिली चक्कर लपवतात, आणि पुढच्या चक्करेला हाड मोडते.

जयजिनेंद्र.