राजा ओळखला तो म्हातारीनं

मागच्या गुरुवारी आपण शेळ्यांच्या लसीबद्दल बोललो. आज मी एक गोष्ट सांगणार आहे, आणि तीही युद्धाची. "राजे, तलवारी, त्यात आपलं काय गं?" असं आमच्या गटातल्या आक्का आधीच म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं होतं. पण मुलीनं तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तक आणलं आणि रात्री शेंगा फोडता फोडता मला सांगत गेली. हजाराच्या वर पानं. शेंगा संपल्या, गोष्ट संपेना.

पुस्तकाचं नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. लिहिणारे टॉल्किन, इंग्लंडात ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. १९५४ आणि १९५५ साली ते तीन भागांत छापलं गेलं. टॉल्किन चार वर्षांचे असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई. तिला मधुमेह होता आणि तेव्हा इन्सुलिन निघालंच नव्हतं. याच आईनं त्यांना घरी भाषा शिकवल्या, झाडापाल्याची ओळख करून दिली. पुढं १९१६ साली ते फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होते आणि खंदकातल्या तापानं आजारी पडून परत आले. हे सांगतेय, कारण त्यांच्या गोष्टीतल्या लढाईपेक्षा लढाईनंतरचा दवाखानाच माझ्या जास्त लक्षात राहिलाय.

गोंडोर नावाचं मोठं राज्य आहे. तिथला राजा बेपत्ता झाला त्याला नऊशेच्या वर वर्षं झाली. सिंहासन रिकामं, पिढ्यान्‌पिढ्या कारभारीच राज्य बघतात. शेजारी रोहान, घोडेस्वारांचं राज्य. पूर्वेला मॉर्डोर, दोघांचा वैरी. (अंगठीची गोष्ट वेगळीच आहे, ती सांगत बसले तर आजचा वेळ संपेल.) आणि गोंडोरच्या राजघराण्याचा वारस जिवंत असतो, अरागॉर्न. तो दोन वर्षांचा असताना बाप मारला गेला. आई त्याला घेऊन दुसऱ्यांच्या आश्रयाला गेली. तिथं वेगळ्या नावानं तो वाढला. आपण कोण हे त्याला विसाव्या वर्षी कळलं. पुढं कितीतरी वर्षं तो चिखलाचे बूट घालून रानावनात फिरतो, गावांची राखण करतो, आणि गावातले लोक त्याच्याकडे संशयानं बघतात.

आता रोहानची एओविन. राजाची भाची. दुष्ट सल्लागाराच्या बोलण्यानं खचून गेलेल्या म्हाताऱ्या मामाची सेवा करण्यात तिची वर्षं गेली. युद्ध आलं तेव्हा पुरुष निघाले आणि तिला सांगितलं, तू मागं राहून लोकांना सांभाळ. ती अरागॉर्नला तोंडावर विचारते, म्हणजे तुम्ही सगळे लढून मेलात की आम्ही घरासकट जळायचं का? मरणाची भीती नाही, भीती पिंजऱ्याची, असं तिचं म्हणणं. मग ती पुरुषवेशात लढाईला जाते. मामा पडतो. समोरच्या सेनापतीला कुणीही पुरुष मारू शकणार नाही, असं भाकीत असतं. एक छोटासा सोबती मागून त्याच्या गुडघ्यात वार करतो आणि एओविन त्याला संपवते. एक हात मोडतो, दुसरा गार पडतो.

दवाखान्यात तिचा भाऊ म्हणतो, हिला एवढं काय झालं होतं? तेव्हा एक वृद्ध ज्ञानी त्याला सांगतो, तुला घोडे होते, मोकळं रान होतं. हिची हिंमत तुझ्याइतकीच, पण हिच्या वाट्याला आजाऱ्याची खोली आली. इथं मुलीला मी थांबवलं. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा तीन वर्षं मी घर सोडलं नाही. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "तुझं काय, घरातच असतेस." भाऊ घरातलाच असून त्यालाही दिसलं नव्हतं, याचं मला नवल वाटलं नाही.

त्याच दवाखान्यात आयोरेथ नावाची म्हातारी आहे, रुग्णांची सेवा करणाऱ्या बायांत सगळ्यांत मोठी. फार बोलकी. राजाचे हात रोग बरे करणारे असतात आणि त्यावरून खरा राजा ओळखावा, ही जुनी म्हण तिलाच आठवते. लढाई जिंकूनही अरागॉर्न मिरवत शहरात शिरत नाही. आपल्यामुळं वाद नको म्हणून बाहेर तंबू ठोकतो आणि अंगावर झगा पांघरून दवाखान्यात येतो. अथेलास नावाचा पाला मागतो. औषधांचा प्रमुख त्या पाल्याची सगळ्या भाषांतली नावं सांगतो, पण पाला त्याच्याकडे नाही! लोकांच्या लेखी ते रानातलं गवत, आपल्याकडच्या बांधावरच्या दगडी पाल्यासारखं. शेवटी एक पोरगा सहा पानं आणतो. अरागॉर्न ती कुस्करून गरम पाण्यात टाकतो आणि वासानंच खोली ताजी होते. एओविन डोळे उघडते. रातोरात बातमी शहरभर पसरते, राजा आला.

एओविन पुढं लग्न करते, तलवार ठेवते, रोग्यांना बरं करायचं ठरवते. मुलगी यावर चिडली, "शेवटी घरातच बसवली ना!" मला तसं वाटलं नाही. मरायला निघालेली पोर जगायचं म्हणाली. पण आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आणि आयोरेथ? राज्याभिषेकाच्या दिवशी ती गर्दीत उभी आहे. गावाकडून आलेल्या नातलग बाईला सांगतेय, राजाशी मी स्वतः बोललेय बरं का, आणि थोडं मीठमसाला लावूनच सांगतेय. तेवढ्यात तुतारी वाजते आणि तिला गप्प बसावं लागतं.