स्त्री-अभ्यास : विद्यापीठातील विषय आणि ग्रंथालयातील कपाटे



शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयात स्त्री-अभ्यास या विषयावर व्याख्यान व्हावे, ही योजना काहींना अनपेक्षित वाटली असेल. आपल्या विद्यापीठांत हा विषय येऊन जेमतेम पन्नास वर्षे झाली. परंतु त्याचे बरेचसे भांडवल जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत आहे, आणि त्यातले किती शिल्लक राहील हे कपाटे सांभाळणाऱ्यांच्या हाती आहे.

आरंभी एक घोटाळा दूर करणे इष्ट. स्त्रीशिक्षण आणि स्त्री-अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून अण्णासाहेब कर्व्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते पुण्यात सुरू झाले. पुढे १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्या काळचा प्रश्न होता : स्त्रियांनी काय शिकावे? कर्व्यांचे उत्तर होते, मातृभाषेतून शिकावे आणि त्यात आरोग्य, गृहव्यवस्था यांनाही स्थान असावे. योगायोग असा की, प्रश्न उलटा करून विचारला गेला तोही याच विद्यापीठात. १९७४ साली तेथे नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रीविषयक संशोधनाचा विभाग सुरू झाला. स्त्रिया जे इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकतात, त्यात स्त्री स्वतः कोठे आहे? हा तो उलटा प्रश्न.

हा प्रश्न हौसेने सुचलेला नव्हता. केंद्र सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. डिसेंबर १९७४ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने सुशिक्षितांना हादरवून सोडले. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ मध्ये हा आकडा ९३० वर आला होता. मुलींच्या शाळा वाढत होत्या, राज्यघटनेने समान हक्क दिले होते, आणि तरीही देशातील स्त्रियांचे प्रमाण घटत होते. जनगणनेची कोष्टके सर्वांसमोर होती, पण ती या दृष्टीने वाचणारी विद्याशाखाच नव्हती. (२०११ च्या जनगणनेत हा आकडा ९४३ झाला, म्हणजे शतकापूर्वीची पातळी तेव्हाही गाठली गेली नव्हती.)

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. १९८१ मध्ये मुंबईत, कर्व्यांच्याच विद्यापीठात, पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९८२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या अभ्यासाला मान्यता दिली आणि विद्यापीठ अनुदान मंडळाच्या साहाय्याने ठिकठिकाणी केंद्रे उघडली. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे; त्याला पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही असे केंद्र आहे. ज्या संस्थानात १९०६ सालीच मुलींसह सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेथे ते असावे हे उचितच होय.

केंद्रे निघाली, पण शिकवायचे कशावरून? स्त्रियांविषयी लिहिलेली पुस्तके उदंड होती, स्त्रियांनी लिहिलेली मात्र शोधावी लागत होती. या शोधाचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ताराबाई शिंदे.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती काळ्या पाण्यावर आणण्यात आली. वृत्तपत्रांतून विधवांच्या आणि एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवर यथेच्छ तोंडसुख घेतले गेले. ते वाचून बुलढाण्यातील एका मराठा घरच्या मुलीने, सत्यशोधक वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या ताराबाईंनी, लेखणी उचलली. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यांचा प्रश्न रोखठोक होता : जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारता, त्यांतला एक तरी पुरुषात नाही काय? आणि तो प्रश्न विचारणारी भाषा पंडिती नव्हती. घरात, ओसरीवर बोलली जाणारी, फटकारे मारणारी होती. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले. त्यांचे दुसरे पुस्तक ज्ञात नाही.

स. गं. मालशे यांनी १९७५ साली, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी, ते पुन्हा प्रकाशात आणले. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर आले आणि आज परदेशी विद्यापीठांतही ताराबाई अभ्यासल्या जातात. ५०० प्रतींपैकी एकही उरली नसती, तर एकोणिसाव्या शतकातील सुधारणेचा इतिहास केवळ सुधारकांचाच राहिला असता. ज्यांच्याविषयी वाद चालला होता, त्यांतली एक या वादात स्वतः बोलली होती, हे कोणालाच कळले नसते.

हैदराबादेतील ‘अन्वेषी’ हे १९८५ पासूनचे केंद्र विद्यापीठाच्या चौकटीबाहेरचे. तेथील सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय भाषांतील स्त्रियांच्या लेखनाचे दोन खंड १९९१ व १९९३ मध्ये संपादित केले. त्यांत तेलुगू, उर्दूबरोबर मराठीही आहे. हैदराबादकर मराठी मंडळींना आपल्याच गावी झालेल्या या कामाची ओळख असायला हवी.

परंतु सापडलेल्या पुस्तकांपुरता हा शोध थांबला असता तर तोही अपुराच ठरला असता. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला, म्हणून तो राहिला. ज्यांना छापखानाच दिसला नाही त्यांचे काय? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. पुणे केंद्रातील शर्मिला रेगे यांनी हाच धागा वर्गात नेला. सर्व स्त्रियांचे दुःख एकच, हे गृहीत सोयीचे असले तरी खरे नाही, हे त्यांनी १९९८ मधील निबंधातून आणि २००६ च्या ग्रंथातून दाखवले. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना पुरवणी वाचन न मानता मूळ साधन मानले. २०१३ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, ही या विषयाची मोठी हानी होय.

या विषयावरील आक्षेपांतही तथ्य आहे. ‘लिंगभाव’ हा शब्द अद्याप मराठी जिभेवर रुळलेला नाही, आणि अनेक प्रबंधांचे मराठी असे असते की ताराबाईंनाही त्याचा अर्थ विचारावा लागला असता. दुसरा आक्षेप पालकांचा : ही पदवी घेऊन नोकरी कोठे? समुपदेशन, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता, अध्यापन ही उत्तरे दिली जातात, आणि ती खरीही आहेत. पण अध्यापनाच्या जागा केंद्रांच्या अनुदानावर अवलंबून. २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा देशभरातील या केंद्रांच्या भवितव्याविषयी चिंता निर्माण झाली होती. योजनेच्या मुदतीवर जगणाऱ्या विषयाला परंपरा निर्माण करणे कठीण जाते.

अशा वेळी विद्यार्थिनी ग्रंथालयात येते ती कशासाठी, हे सांगून थांबणे योग्य. तिला आत्मचरित्रे हवी असतातच. पण पाककृतींची पुस्तके, व्रतवैकल्यांच्या पोथ्या, मुलींची क्रमिक पुस्तकेही हवी असतात. तिला सभासदांची जुनी नोंदवही हवी असते, कारण पुष्कळ घरांत वर्गणीदार पुरुष असे आणि कादंबरी वाचणारी बाई. स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे वहीत पहिल्यांदा कधी आले, हा तिच्या दृष्टीने इतिहास असतो. आणि तिला किर्लोस्करांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या ‘स्त्री’ मासिकाचे अंक हवे असतात. ते पुष्कळ ठिकाणी आहेत, बांधीव आहेत. मात्र बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची जुनी रीत आहे. शिवणयंत्र, साबण, बाळंतकाढा कोणत्या शब्दांत कोणाला विकला जात होता, हे नेमके त्याच पानांवर होते. तेव्हा बांधणीला न गेलेले सुटे अंक माळ्यावर असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या विद्यापीठाला एक पत्र टाकावे.